पंचमीचं दार

“मावशी, तू कुंकू कुनाच्या नावाचं लावतीस?”

सुलानं विचारलं, आणि विचारल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण हे खरोखरच विचारलं. मागं बोळाच्या कोपऱ्यावर लीला आणि वर्गातल्या आणखी दोघी भिंतीला चिकटून उभ्या होत्या. त्यांचं खुसखुसणं एकदम थांबलं.

पैज लीलानं लावली होती. “लय राणी झालीस न्हवं गॅदरिंगात? मग जा आणि बनामावशीला विचारून दाखव. माझी पाडव्याची गाठी तुझी.” आता साखर रेशनवर. घरटी एखादी गाठी मिळाली तरी नशीब म्हणायचं. आणि सुला तरी कुठं मागं हटणारी? गॅदरिंगच्या नाटकात ती राणी झाली होती. ऐन प्रवेशात भाषण विसरली, तेव्हा स्वतःच्या पदरची चार वाक्यं ठोकून देऊन तिनं टाळ्या घेतल्या होत्या. तेव्हापासून तिचं असं पक्कं मत झालं होतं की तोंड उघडायचा अवकाश, पुढचं सगळं आपोआप जमतं.

बनाबाई उंबऱ्यात बसून दोऱ्याचे तुकडे करत होती. पेठेतल्या हलवायाकडं ती गाठी पाडायला जाई. लाकडी साच्यात दोरा बसवायचा, वरून उकळता पाक ओतायचा, निवला की माळ अलगद उचलायची. बोटांच्या पेरांवर पाकाचे जुने चटके होते, पांढरट आणि गुळगुळीत. तिनं दोरा दातानं तोडला आणि मान वर केली.

“मालकाच्या. आनि कुनाच्या लावत्यात?”

“पर त्ये तर...”

“त्ये तर काय?”

सुलाला पदरची चार वाक्यं सोडा, एक शब्दसुद्धा सुचेना.

“येनार हाईत त्ये. आता त्वांड मिट, माशी जाईल.” पैजेची कुजबुज उंबऱ्यापर्यंत ऐकू आलीच होती. बनाबाईनं तिच्याकडं पाहिलं आणि मग बोळाच्या कोपऱ्याकडं बघून आवाज चढवला, “आनि त्या भिंतीआडच्या भवान्यांनो! हरलासा की गं. पोरीची गाठी देऊन टाका तिला!”

त्या ज्या पळाल्या, त्या थेट शाळेच्या फाटकापर्यंत.

बनाबाईचा नवरा अर्जुना मूळचा शिराळ्याचा. सांगलीत मालमोटार चालवायचा आणि खणभागातल्या या खोलीत दोघं राहायची. लढाई लागली तसा तो मोटार चालवायला म्हणूनच लष्करात गेला, आणि तिकडं मलायात शिंगापूर पडलं तेव्हा बेपत्ता झाला. लढाई संपली. कैदेतली माणसं घरोघर परतली, त्याच्याबरोबर भरती झालेला शिराळ्याचा गुंडासुद्धा काठी टेकत परत आला. अर्जुना आला नाही. मेला म्हणून कुणी कळवलं नाही, जिवंत आहे असंही कुणी सांगितलं नाही. सासरचे म्हणत, गावी चल. बनाबाई म्हणे, त्ये ह्या खोलीतनं गेलं, यायचं तर ह्याच दारात येत्याल. कुलूप बघून माघारी गेलं तर?

पैजेनंतर सुला रोज तिच्याकडं जायला लागली. अपराधी वाटलं म्हणून नव्हे. बनामावशी बोलायला मोठी गमतीची होती म्हणून. फाल्गुनाचं ऊन चढायला लागलं होतं. नदीकाठचा पळस फुलला होता. तालमीतल्या पोरांची कुस्त्यांच्या मैदानाची तयारी चालली होती, माळावर फिरत्या सिनेमाचा तंबू पडला होता. सुला शाळेतून आली की दप्तर फेकून तिकडं पळे आणि दोरे मोजत बसे. सगळ्या गावाची बातमी बनामावशीला पोचवायचं काम आता तिचं होतं.

“मावशी, सिनेमात मध्येच फीत तुटली. लोकांनी अशा शिट्ट्या मारल्या म्हनतीस!”

“तू बी मारलीस व्हय?”

“मारली की. आईला सांगू नगं.”

खोलीत खुंटीला गाठ्यांच्या काही माळा टांगलेल्या होत्या. जुन्या पिवळट पडलेल्या, नवी तेवढी पांढरी. दर पाडव्याच्या हंगामात बनाबाई एक माळ नवऱ्याच्या वाटणीची म्हणून बाजूला काढी. रेशनच्या दिवसांत एवढी साखर खुंटीला वाळत पडलेली बघून सुलाच्या तोंडाला पाणी सुटे, पण त्या माळांना हात लावायचा धीर मात्र तिला कधी झाला नाही.

होळी झाली, धुळवड झाली. पंचमीला दोन दिवस राहिले तेव्हा बनाबाई म्हणाली, “पंचमीला येऊ नगंस गं. त्या दिशी मी दार उघडत न्हाई.”

“का?”

“दीर येतो शिराळ्याहून. रंग घिऊन. दरसालचंच हाय त्येचं. दार वाजवतो आनि जातो.”

“मग खेळावं की! दीर-भावजयीचा रंग म्हंजे केवढी मज्जा! आमच्या शेजारच्या वैनीला तर दिरांनी हौदातच...”

“त्यो रंग न्यारा, पोरी,” बनाबाई म्हणाली आणि दोऱ्याची गुंडी उचलून आत गेली. “मालक आल्यावर खेळीन मी.”

सुलाला वाटलं, तिला सगळं कळलं. नवरा जवळ नाही म्हणून बाई मन मारून दार लावून बसते, आणि कुणीतरी जबरदस्तीनं खेळवावं असं मनातून तिला वाटत असणार. नाटकात नाही का, राणी रुसून दार लावते आणि सखी युक्तीनं ते उघडायला लावते! सुलाच्या आठवणीत तिच्या स्वतःच्या घरात कुणी वारलेलं नव्हतं. त्यामुळे पंचमीच्या दिवशी दोन प्रकारचे रंग निघतात, हे तिला ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

पंचमीला गावानं नुसता धिंगाणा मांडला. बैलगाडीत रंगाची पिंपं चढवून तालमीची पोरं पेठेतून निघाली. कृष्णेच्या घाटावर पायऱ्यासुद्धा केशरी झाल्या. विकतचा रंग महाग, म्हणून सुला आणि लीलानं पळसाची फुलं रात्रभर भिजवून, उकळून, गाळून तांब्या भरला होता.

“नको गं,” लीला बोळाच्या तोंडाशी थबकली. “ती ओरडंल.”

“वरडू दे. मग हसंल. तू बघच.”

सुलानं दारावर थाप मारली. “मावशी, मी हाय! सुला! हलवायानं दोऱ्याची गुंडी दिलीया!”

आत पावलं वाजली, थांबली. “एकलीच हाईस व्हय?”

“एकलीच!”

कडी निघाली. दार हातभर उघडलं. बनाबाईनं दोऱ्यासाठी हात पुढं केला, आणि सुलानं अख्खा तांब्या तिच्या डोक्यावर उपडा केला.

“रंगपंचमी, मावशी!”

केशरी पाणी केसांतून कपाळावर आलं, कुंकवाला भिडलं, आणि लाल ओघळ होऊन नाकावरून खाली उतरलं. सुला हसत होती. बनाबाई हसत नव्हती. ती सुलाकडं बघतही नव्हती. तिची नजर सुलाच्या खांद्यावरून मागं गेली होती.

बोळात बनाबाईचा दीर आकाराम उभा होता. हातात फडक्यानं झाकलेला तांब्या. त्याच्या शेजारी त्याची आई, म्हातारी साळूबाई. दरवर्षी तो एकटाच यायचा, यंदा आईला घेऊन आला होता.

म्हातारी पुढं आली आणि तिनं सुलाचे ओले हात आपल्या हातात धरले.

“पडला गं बाई. एकदाचा पडला,” ती म्हणाली. “तुज्या हाताला पुन्य लागंल, लेकी.”

“आजी, मी तर नुसतं...”

“परक्या घरची कुवारीन पोर,” आकाराम हळू आवाजात म्हणाला. “ह्येच्यापरास चांगला हात कुठनं आनायचा? दुखवटा फिटला, वैनी.”

त्या एका शब्दासरशी मोठ्या बायकांच्या बोलण्यात कधीतरी कानावरून गेलेलं सुलाला आठवलं. दुखवटा. मेलेल्या माणसाच्या घरी पहिल्या पंचमीला भावकीनं, शेजाऱ्यांनी जाऊन रंग टाकायचा, म्हणजे घरावरचं दुःख उठलं. आणि रंगानं दुःख उठलं, याचा अर्थ माणूस मेलं हे घरानं मानलं. आकाराम दरसाल तोच रंग घेऊन येत होता, आणि त्याच रंगाला बनाबाई दार लावून अडवत होती. जोवर रंग अंगावर पडला नव्हता, तोवर तिचा नवरा जिवंत होता.

“ही पोर खेळाया आली हुती, भावजी,” बनाबाई म्हणाली. आवाज अगदी साधा, जसा बाजारात भाजीचा भाव विचारावा. “ह्यो खेळाचा रंग हाय. ह्येचा दुखवटा हुईत न्हाई.”

“रंग त्यो रंग, वैनी.”

“न्हाई. इचारा तिला. सुला, सांग गं ह्यास्नी. तू कशापायी टाकलास?”

आता सुलानं बोलायचं होतं. गॅदरिंगच्या मंडपात शेकडो माणसांपुढं जिला वाक्यं सुचली होती, तिला या तिघांपुढं बोलायचं होतं. “खेळाया,” ती म्हणाली, पण तो शब्द इतका बारीक निघाला की तिचा तिलाच ऐकू आला.

म्हातारी उंबऱ्यावर बसली. ती रडली नाही, भांडली नाही.

“बने, तुजं बरुबर आसंल. त्यो आसंल बी कुठं तरी. पर नसला तर? माज्या ल्योकाला आजून पान्याचा थेंब पोचला न्हाई. तू वाट बघतीस गं. त्यो तहानेला हाय.”

बोळाच्या तोंडाशी पिंपवाली गाडी गेली. पोरं ओरडत होती, हलगी वाजत होती.

मग बनाबाईनं दार धरलेला हात सोडला. पदरानं तोंड पुसलं, सगळं, कपाळसुद्धा. “आत या, आत्या,” ती सासूला म्हणाली. “उनाचं बसू नगासा.”

बांगड्या दुपारी फुटल्या. सुलानं ते पाहिलं नाही. आईनं तिला घरात कोंडून ठेवलं होतं. पण बोळ अरुंद आणि घरं लागून. आवाज यायचा तो आलाच.

तिसऱ्या प्रहरी शिराळ्याकडची सर्व्हिस मोटार सुटायची, तिनंच बनाबाई सासरी जाणार होती. त्याआधी सुला मागच्या दारानं निसटली. खोली रिकामी दिसत होती, तशी ती आधीही भरलेली नव्हतीच. वळकटी बांधलेली, दोन भांडी, एक पाटी. आकाराम कुलूप शोधायला शेजारी गेला होता. बनाबाई भिंतीशी उभी होती. कपाळ मोकळं. केसांतला पळसाचा रंग मात्र धुऊनही गेला नव्हता.

“मावशी, मला ठावं नव्हतं.”

“ठाऊक हाय मला.”

“मी हलवायाला सांगीन, तू परत येनार म्हनून...”

“गाठीला आता माजा हात चालत न्हाई, बाळ. सनाची वस्तू ती.” तिनं खुंटीवरच्या माळांकडं मान वळवली, पण हात लावला नाही. “त्यातली नवी तेवढी तू काढून घे. पैज जितलीस न्हवं तू? त्या लीलीनं दिली नसंल अजून, मला ठाऊक हाय ती. बाकीच्या मुंग्यांस्नी राहू देत.”

सुलानं टाचा उंचावून माळ काढली. मग तिनं तोच पहिला प्रश्न विचारला, फक्त उलटा. “मावशी, त्ये आलं, तर?”

बनाबाईनं वळकटी खांद्याला लावली. दारातून बाहेर पडताना उंबऱ्यावर सांडलेल्या केशरी डागावर तिचा पाय पडणार होता. ती क्षणभर थांबली आणि डाग ओलांडून गेली.

“आता मला इचारू नगंस त्ये,” ती म्हणाली.

संध्याकाळी सुलाचे वडील नाथाजी पेठेतून आले. ते हळदीच्या अडतीवर मापारी होते. हंगामात घरी येताना रोजच डोक्यापासून पायापर्यंत पिवळे असायचे, त्यामुळे त्यांच्या घरात रोजचीच पंचमी म्हणून लोक चेष्टा करत. आज त्यांना बाहेर सगळं कळलं होतं. ते हातपाय न धुताच ओसरीवर बसले. आई रंगुबाई चुलीपुढं होती.

सुलानं कोनाड्यातून हातोडी काढली. देवाच्या फळीशेजारी खिळा ठोकला. घाव बोटावर बसला, तरी ती ओरडली नाही. मग तिनं पांढरी गाठी त्या खिळ्याला अडकवली.

“आता ही कुनाची?” आईनं विचारलं.

“अर्जुनाकाकांची. ती खायची न्हाई कुनी.” तिनं परकराला हात पुसले. राणीचा आवाज कुठल्या कुठं गेला होता. राहिला होता तो तिचा स्वतःचा, जरा घोगरा. “आनि आई, आबा, तुमास्नी आत्ताच सांगून ठेवते. पुढच्या पंचमीला मी दार लावून बसनार. त्येच्या पुढच्या बी. लीलानं हाक मारली तरी उघडनार न्हाई. माझ्या आंगावर रंग पडू द्यायचा न्हाई.”

“येडी का काय तू?” आईच्या हातातली फुंकणी तशीच राहिली. “दार लावून बसाया आपल्या घरात कोन मेलंय का?”

“कुनी मेलं न्हाई,” सुला म्हणाली. “म्हनूनच लावनार.”