फाट्यापर्यंतचं गाणं

फाट्यावर देशी दारूचं दुकान आहे. ते जवळ आलं की माझा नवरा गाणं म्हणायला लागतो.

रविवारची प्रार्थना आटोपून आम्ही बल्लारपूरहून गावाकडे निघतो. गाडीवर पुढे निकेश, मागे मी, आणि आमच्या दोघांच्या मध्ये दाबून बसवलेली चंचल. तो सोयाबीनचं बोलतो, ठेकेदाराचं बोलतो, गाडीच्या चेनचं बोलतो. मग वळणावरचं मोहाचं झाड दिसतं आणि बोलणं तुटतं. हेल्मेटच्या आतून प्रभूचं गाणं सुरू होतं, मोठ्यानं, सुराचं काहीएक न पाहता. दुकान मागे पडतं, नाल्यावरच्या पुलाचा कठडा येतो, आणि गाणं मधल्याच ओळीवर थांबतं. पुन्हा सोयाबीन.

या गाण्याबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही. बोलायचं नसतं, एवढं मला कळतं.

जिल्ह्याची दारूबंदी उठली त्याच्या आधीच आमचं लग्न झालं होतं. बंदीत त्याला मिळत नव्हती असं नाही, पण उठल्यावर लाजच उठली. चंचल पोटात असताना मी पिशवी भरून माहेरी निघून गेले होते. त्या दिवसांत पास्टरजींना तो रस्त्याच्या कडेला पडलेला दिसला. त्यांनी त्याला उचलून घरी नेलं, अंगणात बसवून स्वतःच्या हातानं आंघोळ घातली, आपला शर्ट त्याला चढवला, वरणभात खाऊ घातला. त्यानंतर तो प्यायला नाही. हे खरं आहे. पुढे काहीही झालं तरी हे खरंच राहतं, आणि माझी अडचण तिथंच आहे.

पास्टरजींचं घरचं नाव लटारू. आधी ट्रक चालवायचे, आधी तेही प्यायचे. घराला लागून टिनाचा हॉल, त्यात सतरंज्या, भिंतीवर निळ्या रंगात क्रूस. मी माहेरून परत आले, निकेशच्या मागे मागे तिथं गेले आणि बसले. कुंकू पुसलं. जत्रेचा प्रसाद घेणं सोडलं. माहेरी गेले तर आई कपाळाकडे पाहून म्हणाली, "नवरा जिता हाय ना वं तुह्या? मंग हे असं काऊन?" मी हसले. हसण्यासारखं काही नव्हतं.

चंचल झाली तेव्हा आई वैनगंगेपलीकडून आली. महाशिवरात्रीच्या जत्रेत मार्कंड्याच्या देवळाच्या पायरीला लावून आणलेला काळा करदोडा तिनं पोरीच्या कमरेला बांधला. तांब्याचं एक बारीक वळं त्यात ओवलेलं. माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता. तो पाळण्यातच गेला. त्यामुळे मी काही बोलले नाही.

पुढच्या रविवारी आईही हॉलमध्ये आली. तिला पाहायचं होतं, जावई कुठं सुधारला ते. शेवटच्या सतरंजीवर ती पदर सावरून बसली. पास्टरजींनी चंचलला हातात घेतलं, आशीर्वाद दिला, आणि झबल्याखाली बोटांना दोरा लागला.

"हे काय हाय, बहीण?" ते हसतच म्हणाले. मग सगळ्यांकडे वळून आवाज चढवला. "ज्याच्या अंगावर दोरा, त्याच्या मनात प्रभूले जागा नाई! दोऱ्यावर भरवसा हाय का प्रभूवर? एक सांगा!"

"प्रभूवर!" सगळे म्हणाले. निकेशचा आवाज सगळ्यांत मोठा.

कात्री आली. मी पोरीला धरून होते. दोरा सतरंजीवर पडला, टाळ्या झाल्या, हालेलुया झालं. आई मागून उठून पुढे आली, तो दोरा उचलला, पदराच्या गाठीत बांधला आणि चप्पल घालून निघाली. बसस्टॉपपर्यंत मी मागे धावले. ती एवढंच म्हणाली, "जाय, तुह्या लोकाइत बस. लेकराले दूध पाज." त्यानंतर ती आमच्या घरी आली नाही. फोन करते. "पोट्टी बरी हाय ना?" विचारते, आणि मी "हो" म्हटलं की ठेवून देते.

तरी मला वाटायचं, जे झालं ते एखाद्या खऱ्या गोष्टीसाठी झालं.

नाताळाच्या आधी पास्टरजींच्या घरी आम्ही बाया करंज्या करायला जमलो होतो. त्यांची सून दीपिका शिंप्याकडे गेली होती. तिचा लहानगा शमुवेल माझ्याकडे दिला होता, कारण लेकरं माझ्याजवळ राहतात. त्यानं कपडे भरवले. मी त्याला आतल्या खोलीत नेलं, झबलं वर केलं.

कमरेला करदोडा होता.

काळा, चंचलच्यापेक्षा जाड, दुहेरी पिळाचा, तेलानं मऊ झालेला. मला राग आला असं म्हणता येणार नाही. आधी माझं बोट आपोआप दोऱ्याखाली गेलं, रुततो का ते पाहायला. रुतत नव्हता. बरोबर बोटभर ढिला होता. म्हणजे लेकरू वाढत होतं तसा कुणीतरी तो सोडून पुन्हा बांधत होतं. विसरून राहून गेलेला दोरा नव्हता तो.

पास्टरीणबाई गरम पाणी घेऊन आल्या. त्यांनी माझ्या बोटाकडे पाहिलं, पाणी खाली ठेवलं आणि दार लोटलं.

"दीपिकानं बांधला?" मी विचारलं.

"नाई."

"तुमी?"

"त्यायनंच बांधला, दिव्यानी. तुह्या पास्टरजीनं."

त्या शमुवेलचे पाय धुवायला लागल्या, हलक्या हातानं.

"महिन्याचा नव्हता तं रडून रडून निळा पडे. दवाखाना झाला, सुई झाली. हात ठेवून ठेवून प्रार्थना केली त्यायनं, घसा बसला. मंग एका दिवशी गाडी काढली, कुठी गेले कोनाले मालूम, अन् दोरा घेऊन आले. मले म्हणे, बोलू नको."

"मंग थांबला रडाचा?"

"थांबला. थांबनारच होता वं. लेकरं काय जल्मभर रडतेत?" त्या हसल्या. "आता सोडा म्हणलं तं त्यायचाच हात चालत नाई."

"माह्या पोरीवर तं चालला."

त्यांनी शमुवेलला पंच्यानं पुसलं, नवं झबलं घातलं, दोरा आत सारला. बराच वेळ लावला त्यांनी त्या कामाला.

"दुसऱ्याच्या लेकरासाठी प्रभूवर भरवसा ठेवनं सोपं जाते, बाई," त्या म्हणाल्या. "निकेशले सांगू नको. तो मोडन."

हे त्या निकेशसाठी म्हणाल्या की स्वतःच्या घरासाठी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण खोटं नव्हतं. निकेश त्या माणसाला टेकून उभा आहे. भिंत सरकली तर तो कुठं जाईल ते मला माहीत होतं. फाट्यावर.

मी बाहेर येऊन करंज्या तळल्या.

घरी रोज संध्याकाळी निकेश मला आणि चंचलला जवळ घेऊन बसतो. डोळे मिटून आभार मानतो, मिठापासून मोटारपंपापर्यंत सगळ्याचे. त्या आठवड्यात मी डोळे मिटले आणि आत कुणी सापडेना. आधी कुणी होतं का, हेही आठवेना. पास्टरजींच्या नातवाला जी प्रार्थना पुरली नाही ती माझ्या नवऱ्याला कशी पुरली? त्याला कुणी सोडवलं? प्रभूनं, की ज्यानं अंगणात बसवून त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं त्या माणसानं? आणि तो माणूस जर भित्रा असेल, तर ते पाणीही खोटं होतं का?

आईला सांगता आलं असतं. ती म्हणाली असती, पाह्य! आणि नवा दोरा घेऊन पहिल्या बसनं आली असती. आई यावी असं मला फार वाटत होतं. पण माझ्या भावाच्या कमरेलाही करदोडा होता. तो गेला तेव्हाही होता. आई हे कधी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. मार्कंड्याच्या पायरीवर परत जाऊन बसावं, तर मला तीही जागा उरली नव्हती.

मग मी सगळं चंचलला सांगितलं, तिचे केस विंचरताना. ती फणी चावत होती.

नाताळ झाला. त्यानंतरच्या रविवारी हॉलमध्ये नवं जोडपं आलं. पलीकडच्या जंगलातल्या गावचं, इतवारी आणि त्याची बायको मंगली. इतवारीचे हात थरथरत होते. ते थरथरणं मी ओळखते. मंगलीच्या मांडीवर तान्हं लेकरू झोपलेलं, कमरेच्या काळ्या दोऱ्यात एक कवडी.

पास्टरजींना ती कवडी लगेच दिसली. प्रवचन तेच झालं, दोऱ्यावर की प्रभूवर. ताटलीत कात्री आली. मग ते म्हणाले, "बहीण दिव्यानी, ये. लेकराले घे अन् यायले साक्ष दे. तुह्या पोरीचा दोरा आपन कापला. काई झालं का तिले?"

मी उठले. मंगलीनं लेकरू दिलं, पण तिचा एक हात त्याच्या पाठीखालीच राहिला. तो हात काढायला तिला जमत नव्हतं. मागच्या सतरंजीवर कुणी नव्हतं. मला उगाच वाटलं, आई तिथं बसली आहे.

"राहू द्या जी, पास्टरजी," मी म्हटलं.

"काऊन, बहीण?"

"लेकरू झोपलं हाय."

"प्रभूच्या कामाले झोप आडवी येते का?" दोनचार जण हसले. निकेशही हसला, पण माझ्याकडे पाहून थांबला.

मी एक पाऊल पुढे गेले आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं म्हटलं. "तुमाले तं मालूम हाय जी. लेकराचा दोरा सोडाचा म्हणलं तं कधी कधी हात चालत नाई."

पास्टरजींनी बायकोकडे पाहिलं. त्या सतरंजीची दशी ओढत बसल्या होत्या. कात्री ताटलीत परत ठेवताना वाजली.

"डोळे मिटा," ते म्हणाले. "प्रार्थना करू."

सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. भरलेल्या हॉलमध्ये सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना आपले उघडे असणं, याच्यासारखं एकटेपण मी दुसरं पाहिलेलं नाही. मग दिसलं, पास्टरजींचेही उघडे होते. ते दीपिकाच्या मांडीवरच्या शमुवेलकडे पाहत होते आणि तोंडानं प्रभूला हाक मारत होते. नंतर माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं रागावतील. त्यांची नजर मागत होती. सोयरिकीत हात जोडून उभ्या राहिलेल्या बापासारखी. मी मान हलवली: सांगणार नाही.

चहाच्या वेळी कुणी माझ्याजवळ बसलं नाही. एक मंगलीच आली.

"बाई, तुमी काऊन रोकलं?"

"तुह्या मनानं कापजो. नाई तं नको कापू."

"यायची दारू सुटन ना पण?"

तिच्या चेहऱ्याकडे पाहताना माझा चहा निवला. "माह्यावाल्याची सुटली," मी म्हटलं. एवढीच साक्ष मला खरी देता येत होती.

परतताना निकेश सोयाबीनचं बोलला नाही.

"लोक म्हणून राह्यले, दिव्यानीच्या मनात सैतान शिरला," तो म्हणाला.

"म्हणू दे."

"पास्टरजीचा हात कात्री ठेवून मांगं आला. म्या पाह्यला." मग मान किंचित वळवून, "काई हाय का, दिव्यानी? मले सांग. खरं सांग."

चंचलचं डोकं माझ्या छातीला टेकलेलं होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य किती दिवस माझ्या तोंडात होतं. ते बोलले असते तर मी एकटी उरले नसते, निदान या गाडीवर तरी.

"लेकरू झोपलं होतं," मी म्हटलं.

"बस?"

"बस."

त्याचा विश्वास बसला नाही. पाठीवरून कळतं.

वळण आलं. मोहाचं झाड आलं. गाणं आलं नाही. मी वाट पाहिली. गाडीचा वेग कमी झाला, मग आणखी कमी झाला. दुकानासमोर चणेवाल्याची गाडी होती, बाकावर माणसं होती. त्यातलं कुणीतरी ओळखीचं उठून ओरडलं, "ओ निकेशभाऊ! आज एकदम सावकाश?"

त्याचा पाय गिअरवरून उचलला गेला, खाली टेकायला.

मी गायला लागले. त्याचंच गाणं, मोठ्यानं, सुराचं काहीएक न पाहता. मी ते कधी एकटीनं म्हटलं नव्हतं. माझा आवाज मलाच परका वाटला. बाकावरची माणसं हसली. चंचल दचकून जागी झाली, माझ्या तोंडाकडे पाहत राहिली आणि मग दोन्ही हातांनी बापाच्या पाठीवर ताल द्यायला लागली.

गाडीनं वेग घेतला. दुकान मागे पडलं. पुलाचा कठडा आला, गाणं थांबायची जागा आली. तो अजून गात नव्हता, म्हणून मी थांबले नाही. पुढची ओळ मला येत नव्हती. मी पहिलीच पुन्हा घेतली.