तळ्यातला चारा

सासऱ्या-सुनेचं वाजलं ते जाळायच्या पाल्यावरून.

सून गावाखालच्या तळ्यावर कामाला होती. रंगाच्या कारखान्याचं सांडपाणी त्या तळ्यात यायचं. ते नासकं पाणी स्वच्छ करायला प्रयोगशाळेवाल्यांनी तिथं एक नवंच झाड लावलेलं, बियाण्यातच फेरफार करून बनवलेलं. पाण्यावर शेवाळ, तेही तसलंच. काळंजांभळं पाणी इकडून शिरायचं ते तिकडून नितळ होऊन बाहेर पडायचं. वाढलेली झाडं कापून खड्ड्यात जाळायची, हे सुनेचं काम.

म्हाताऱ्याला नेमकं तेच खुपायचं. उन्हानं रान करपून गेलेलं, गोठ्यात गाभण गाय वाळकी काडी चघळतेय आणि ही बया हिरवागार पाला जाळून येते!

"मामंजी, ती झाडं पाण्यातलं विष पितात."

"प्यायली ना? मग संपलं. पाणी बघ की कसं झालंय."

एकदा पिऊन पचवलं की विषय मिटला, असा त्याचा सरळ हिशेब. सून त्याच्या नादी लागली नाही. तिला वाटलं, बोलून मोकळा झाला. पण तो कसला ऐकतोय! ती दुपारी भाकरी खायला बसली की हा मागल्या अंगानं जाऊन काखेत मावेल तेवढा पाला आणायचा. गाय मन लावून खायची आणि याचा जीव निवायचा. बायको गेल्यापासून त्याचं बोलणंचालणं सगळं त्या गायीशीच.

गाय व्याली. कालवड झाली, धडपडत उभीही राहिली. पण गायीच्या तोंडाला फेस आणि अंगाला थरथर. ढोरांचा डॉक्टर आला. गव्हाणीतला पाला हातात घेऊन त्यानं विचारलं, हे कुणी घातलं? माझ्याच सरपणाच्या भाऱ्यातून चुकून आलं असेल, असं काहीतरी सून पुटपुटायला लागली.

"मी घातलं," म्हातारा म्हणाला. "रोज घातलं."

डॉक्टरनं त्याला समजावून सांगितलं. झाड विष पितं, पण पचवत नाही, पानात साठवून ठेवतं. आता ते गायीच्या अंगात उतरलंय. गाय कदाचित जगेल, पण तिचं दूध कुणाच्या पोटात जाता कामा नये. वासराच्याही नाही.

गाय तर पान्हावली होती. कालवड कासेकडे झेपावायची आणि म्हातारा तिच्या गळ्याला मिठी मारून तिला मागं ओढायचा. गाय मान वळवून त्याच्याकडे बघायची. हाच का आडवा येतोय, हे त्या मुक्या जिवाला काय कळणार? सून रडत रडत चीक पिळत होती. तो ओतायचा कुठं, तर डॉक्टर म्हणाला, त्याच तळ्यात.

बादली म्हातारा स्वतः घेऊन गेला. चीक पाण्यात पांढरा पसरला आणि झाडांच्या मुळाशी गेला. तिथंच बसून तो ढसाढसा रडला.

परतला तोवर सुनेनं शेजारच्या गायीचं दूध बाटलीत भरून आणलेलं. कालवड बाटली तोंडात धरेना. म्हाताऱ्याच्या हाताला चिकाचा वास होता. ती त्याची बोटं चोखायला लागली.

"मामंजी, हात," सून हळूच म्हणाली.

त्यानं बोटं सोडवून घेतली आणि हात पाठीमागं धरून उभा राहिला. कालवड त्याच्याभोवती हात शोधत फिरत राहिली.