सर्जेरावाच्या घोड्याचं पाणी

पहाटेच्या धूसर उजेडात जात्याची घरघर सुरू झाली, की शेजारच्या सगुणाकाकीचा स्वर तिच्यातून वाफेसारखा वर यायचा. मनगटांवर, भुवयांवर पीठ साचून चाळिशीची काकी तेवढ्यापुरती म्हातारी दिसायची. गळा मात्र षोडशीचा. कडेगावाजवळच्या आमच्या गावात दळताना साऱ्याच बायका भावाच्या ओव्या गात. काकीला तर भाऊच नव्हता. मग बाईनं गाता गाता एक करून घेतला!

सर्जेराव बंधू माझा, घोडं बांधतो लिंबाला,
लेकीबाळी साऱ्याजणी, पाणी ठेवा त्या घोड्याला.

जात्याच्या खुंट्यावर तिच्या हातापाशी माझा हात असायचा, म्हणून हे गुपित मला ठाऊक. "मला कुठला गं भाऊ? तोंडाला आला, गायला," काकी एकदा म्हणाली आणि खुदकन हसली.

ती लढाईची वर्षं होती. घरोघरचे भाऊ पलटणींबरोबर समुद्रापार गेलेले, पत्रांची वाट पाहून बहिणींचे डोळे शिणलेले. त्या रित्या जागेत सर्जेराव अलगद येऊन बसला. सासुरवाशिणींच्या ओठांवरून ओवी गावोगाव गेली. कुणाला पहाटे टापा ऐकू आल्या, कुणाला लिंबाच्या बुंध्यावर लगामाचा वळ दिसला. काकी ऐकायची आणि जात्यात पुढची मूठ टाकायची.

श्रावणात, पंचमीच्या तोंडावर, आळीतली एक नवी सून काकीच्या जात्यापाशी येऊन रडू लागली. तिचं माहेर दूर दुष्काळी माणदेशातलं. भाऊ पलटणीत, तेव्हा माहेरी न्यायला मुराळी येणार तरी कोण? सर्जेराव काकीचा खराखुरा भाऊ, अशीच तिची समजूत.

"आवं काकी, तुमच्या सर्जेरावाला सांगा की. मला बी घिऊन जाऊ दे."

चालतं जातं थांबलं. खरं सांगावं, तर पोरीचा आधार जाणार. खोटं सांगावं, तर ती वाटेला डोळे लावून बसणार. काकीनं जात्याभोवतीचं पीठ हातानं गोळा केलं.

"त्याला सवड न्हाई गं," ती शेवटी म्हणाली, "त्याच्या बदली मीच येते मुराळी."

दोन दिवसांची बैलगाडीची वाट. मीही हट्टानं बरोबर गेले. माणात श्रावणसुद्धा कोरडा. मेंढरांच्या धुळीनं आभाळ मळलेलं, बायका कोसभरावरून डोक्यावर पाणी आणत होत्या. आणि गावाच्या तोंडाशी, लिंबाखाली, पाण्यानं काठोकाठ भरलेलं एक घमेलं!

"कुणाचं वं हे पाणी?" काकीनं तिथल्या म्हातारीला विचारलं.

"सर्जेरावाच्या घोड्याचं. लय लांबनं येतंय जनावर. तुमास्नी ठावं न्हाई व्हय?"

काकी या मुलखात जन्मात आली नव्हती. तिचा भाऊ तिच्याआधी पोचला होता. तिनं पदर सावरला आणि आपल्याच ओवीतल्या त्या भावापुढं जमिनीला डोकं टेकलं. सून मात्र डोळे पुसून हसत होती.

आज काकी नाही. तिचं जातं परसात पालथं पडलंय. त्या लिंबाखाली अजूनही पंचमीला पाणी ठेवतात. ठेवणाऱ्या बायकांनी काकीचं नावही ऐकलेलं नाही. जो कधी जन्मलाच नाही, त्याची वाट अख्खा मुलूख पाहतो आहे. जी होती, तिची वाट पाहणारी मी एकटी उरले आहे.