पाठीवरचे गोळे

"बाहीचं भोक तेवढं बुजवा, अक्का. बाकी काही बघू नका," मेहुणे दुकानाच्या दारातूनच म्हणाले. "दुपारच्या गाडीनं परतायचंय. तुमच्याशिवाय कुणाचा हात लागू द्यायचा नाही, असा तिचा हट्ट."

अक्कांनी स्वेटर टेबलावर पसरला. विणणं आणि उसवलेलं सांधणं यातच त्यांची हयात गेली होती. हा करडा स्वेटर त्यांनीच धाकट्या बहिणीसाठी विणला होता. बाहीला कसरीनं खाल्लं होतं. सवयीनं त्यांनी तो पालथा केला आणि त्यांचा हात थबकला.

पाठभर लोकरीचे बारीक गोळे होते. खांद्यांपासून कमरेपर्यंत दाट, मोहरीएवढे.

ही लोकर त्यांनी पारखून आणली होती. लांब तंतूंची, दुपदरी, घट्ट पिळाची. आखूड तंतूंची सैल लोकर हाताला मऊ लागते, पण तिची टोकं लगेच बाहेर येतात, घासली की एकमेकांत गुंततात आणि गोळे धरतात. हिला गोळे यायचे तर घासणंही तसंच हवं, सततचं. शिवाय नायलॉनची भेसळ असती, तर त्या चिवट धाग्यांनी जुने गोळे धरून ठेवले असते. निव्वळ लोकरीचे गोळे आपसूक गळतात. म्हणजे इथे जुने गळत होते आणि नवे येतच होते.

त्यांनी कोपरं पाहिली. कोरी. ओट्याला घासणारा पोटाजवळचा भाग, मनगटं, तीही कोरी. धाकटी तर घटकाभर एका जागी न बसणारी.

"कशी आहे ती?"

"ठणठणीत. कामातून मान वर काढायला सवड नाही."

"मग फोनवर का येत नाही?"

"घसा बसलाय, सांगितलं ना."

"इतके महिने?"

मेहुणे रस्त्याकडे बघत राहिले. एरवी दुकानात पाऊल टाकताच 'अक्का, या टकलाला टोपी कधी?' म्हणून हसवणारा माणूस. आज त्यांच्या सदऱ्याची बटणंसुद्धा वरखाली लागली होती.

अक्कांच्या मनात नाही नाही ते आलं. हा स्वेटर घालणारी बाई दिवसरात्र पाठ टेकून पडलेली होती. तिचे हात हलत नव्हते. की हलू दिले जात नव्हते?

"काय केलंत तिला?"

मेहुणे गर्रकन वळले. "मी?" एवढंच ते म्हणाले.

"मी येतेय तुमच्याबरोबर."

"नको, अक्का. पाया पडतो, नको."

अक्कांनी दुकानाचं शटर खाली ओढलं.

दुपारच्या गाडीनं दोघं निघाले. घराशी पोचले तेव्हा खिडक्या बंद होत्या. शेजारीण आतून बाहेर आली, अक्कांना बघून तिनं मान खाली घातली आणि वाटेतून बाजूला झाली.

आत औषधांचा वास होता. धाकटी पलंगावर उताणी होती, हात पांघरुणावर कुणीतरी ठेवून दिल्यासारखे.

"सांगितलंत ना शेवटी?" ती नवऱ्याला म्हणाली. आवाज पार खोल गेलेला.

"मी नाही गं..."

"मीच शपथ घातली होती यांना," ती अक्कांना म्हणाली. "आधी बोटं गेली, मग हात, मग पाय. आता डॉक्टर म्हणतात, श्वासावर लक्ष ठेवा. तुला कळलं असतं तर दुकान बंद करून इथं येऊन बसली असतीस."

"मग आता काय करतेय?" अक्का पलंगाच्या कडेला टेकल्या. मागे वळून मेहुण्यांना म्हणाल्या, "नको ते बोलून गेले."

मेहुण्यांनी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. बराच वेळ नळ वाहत राहिला.

धाकटीचे पुढचे केस नीट विंचरलेले होते. मागचे उशीखाली दाबून पार जट झाले होते. जट सोडवण्याएवढा वेळ तिला कुशीवर ठेवायला नवरा धजावला नसावा.

"कापून टाक," ती म्हणाली.

"गप्प बस."

अक्कांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि टोकांकडून एकेक बट सोडवायला लागल्या. मध्येच धाकटीचा श्वास थांबे. अक्कांची बोटंही थांबत. तो पुन्हा सुरू झाला की बोटं हळूच पुढे सरकत.