दारावरचे टवके

लेक जेवायला येणार होती. ती यायच्या आत गाडीच्या दारावरचे टवके बुजवायचेच, असा म्हाताऱ्या घड्याळजींनी चंगच बांधला होता. मागे एकदा दिव्याची काच फुटलेली बघून तिने निक्षून सांगितलं होतं, "बाबा, आता एक ओरखडा जरी दिसला तरी किल्ली माझ्याकडे." किल्ली गेली की सगळंच गेलं. खुब्याचं हाड मोडलेल्या बायकोला व्यायामाला कोण नेणार? मग दोघांनी जावयाच्या घरी, त्याच्या कलाने दिवस काढायचे.

बायको घराच्या दाराशी खुर्ची टाकून बसली होती. कुबडी मांडीवर आडवी.

"अहो, हात थरथरतोय तुमचा."

"जन्मभर केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्यात या हातांनी. फाटकाला घासून दोन टवके उडाले, त्यांची काय बिशाद!"

पण टवके काही दाद देईनात. दार साबणाने धुऊन, भोवती चिकटपट्ट्या लावून, भिजवलेल्या पॉलिशपेपरने कडा घासून त्यांनी काडीच्या टोकाने पांढऱ्या रंगाचा थेंब सोडला. तो ओघळला. पुसून पुन्हा सोडला, तर त्यावर धूळ बसली. तिसऱ्यांदा त्यांचंच बोट लागलं. मसुराएवढा टवका आता चांगला रुपयाएवढा दिसायला लागला.

"अगं, होतं त्यापेक्षा वाईट झालं की हे!" ते रडकुंडीला आले.

शेवटी त्यांनी धंद्यातलं जुनं भिंग डोळ्याला लावलं. लांबचं सगळं धूसर झालं होतं, पण भिंगातून जवळचं अजून लख्ख दिसे. खालच्या, अजून न घासलेल्या टवक्याच्या कडेला काहीतरी चिकटलं होतं. निळं. त्यांनी नखाने उकरून बघितलं. रंगच होता.

फाटक तर काळं होतं.

"अगं," ते मान न वळवता म्हणाले, "मी कशाला धडकलो?"

"फाटकाला. तुम्हीच म्हणालात ना?"

"फाटक निळं नाही आपलं."

बायकोने कुबडी भिंतीला टेकवली. मग म्हणाली, "परवा, औषधाच्या दुकानापाशी. सायकल होती. तुम्ही म्हणालात, खड्डा लागला. तुम्हाला दिसलीच नाही ती."

"आणि तू गप्प बसलीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तिथल्या तिथे गाडी सोडली असती. मग माझं कसं व्हायचं हो?"

"सायकलवर कुणी होतं का?"

"नसेल. बहुतेक नसेल."

"बहुतेक?"

तिला हुंदका फुटला. "मागे वळून बघायची छातीच झाली नाही माझी."

घड्याळजींनी भिंग डोळ्यावरून काढलं. ते गाडीच्या दाराला टेकून तिथेच फरशीवर बसले. ओला रंग पाठीला लागला, त्याचंही भान उरलं नाही. लेक आली तेव्हा ते तसेच बसले होते. तिच्या भिवया वर गेलेल्या बघूनही त्यांनी काही लपवलं नाही. किल्ली तिच्या हातात ठेवून म्हणाले, "जेवण राहू दे. आधी औषधाच्या दुकानाकडे चल. वाटेत सांगतो."

लेकीने दोघांना गाडीत बसवून गाडी काढली. दुकानाच्या पायरीशी निळी सायकल उभी होती. पुढचं चाक वेडंवाकडं झालेलं. शेजारी पेपरवाला गठ्ठे घेऊन बसला होता; उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लॅस्टरमध्ये. घड्याळजींनी अडखळत विचारलं, "हे कसं झालं?"

"काय सांगू आजोबा! पेपरांचा गठ्ठा बांधत सायकलपाशी उभा होतो. एका पांढऱ्या गाडीने सायकलीसकट आडवा केला आणि थांबलीही नाही. आंधळा होता की काय मेला!"

"हो," घड्याळजी म्हणाले. "मीच तो."

पेपरवाल्याच्या ओठावर आलेली शिवी तिथेच अडकली. म्हातारा उभ्या उभ्या हलतोय हे बघून त्याने डाव्या हाताने स्टूल पुढे ओढलं. "बसा. पडाल."

लेक पुढे झाली. "दादा, सायकल आम्ही आजच दुरुस्त करून देतो."

"सायकल होईल हो ताई," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, बोटं पुन्हा पहिल्यासारखी वळतील असं नाही. त्याचं काय करायचं?"

घड्याळजी स्टुलावर टेकले. गाडीत बसलेली बायको काचेतून एकटक त्या प्लॅस्टरकडे बघत होती.