भोंगा हळू बोलला तेव्हा

मी एक टेप बोलतेय. कॅसेटमधली नव्हे, स्टुडिओतली: करंगळीच्या नखाएवढी रुंद, जेवणाच्या ताटाएवढ्या रिळावर गुंडाळलेली, एका बाजूनं तपकिरी. माझ्यावर एका माणसाचा बेचाळीस मिनिटांचा आवाज आहे. होता, असं म्हणायला हवं. त्याचं काय झालं ते सांगते, पण अडखळले तर सांभाळून घ्या. मी अजून सावरलेली नाही.

आमचा जन्म साधा. कारखान्यात प्लॅस्टिकच्या लांबच लांब पट्ट्याला तपकिरी लेप देतात, मग कापून त्याच्या फिती करतात. त्या लेपातच आमचा जीव. मला एका छोट्या स्टुडिओनं आणलं. तिसरा मजला, खाली दातांचा दवाखाना. डॉक्टरांचं यंत्र सुरू झालं की वरचं रेकॉर्डिंग थांबायचं. मालक, रेकॉर्डिस्ट आणि झाडू मारणारा माणूस, सगळं एकच होतं. त्यांना सगळे काका म्हणत.

माझ्यावर पहिल्यांदा रेकॉर्ड झाली कपड्यांच्या साबणाची जाहिरात. दोन बायका तासभर ‘डाग गेले, डाग गेले’ गात होत्या. आठवड्यानं ती पुसली. डाग खरोखरच गेले.

मग एका दुपारी भोंगा आला.

भोंगा म्हणजे रॉक गायक. शाळेत असल्यापासून आवाज इतका मोठा की मित्रांनी हे नाव ठेवलं, आणि पुढे पोस्टरवरही तेच छापलं गेलं. तो गायला लागला की हजार-दोन हजार माणसं उड्या मारायची. त्याचा बॅण्ड चौघांचा होता, पण खरी जोडी दोघांची, भोंगा आणि गिटारवाला. एका खोलीत राहून, एका ताटात जेवून दोघांनी बॅण्ड उभा केला होता. मी त्याला पाहिलं तेव्हा बॅण्ड मोडून दोन वर्षं झाली होती आणि दोघांचं बोलणं बंद होतं. कशावरून, ते काकांनी एकदा विचारलं. भोंगा म्हणाला की कारण आता आठवत नाही, राग तेवढा आठवतो.

त्या दिवशी तो एकटाच आला होता. हातात शाळकरी वही. वाद्यं कुठे आहेत, असं काकांनी विचारलं, तर म्हणाला, वाद्यं नाहीत, गाणीही नाहीत, नुसतं बोलायचंय. काकांनी सवयीनं माइक त्याच्यापासून हातभर लांब ठेवला होता. मीही जीव मुठीत धरून फिरायला लागले, आता कानठळ्या बसणार म्हणून.

आणि तो इतकं हळू बोलला, की काकांना उठून माइक त्याच्या तोंडाशी न्यावा लागला.

कविता होत्या त्या. त्यानं कधी कुणाला दाखवलेल्या नव्हत्या. एक त्याच्या ताईवर होती. आई गेली तेव्हा ताई सतरा वर्षांची आणि हा आठ वर्षांचा. तिनं शिवणकाम करून त्याला वाढवलं.

‘तू दातांनी धागा तोडायचीस ना,
तो आवाज मी अजून
प्रत्येक गाण्याआधी ऐकतो.
टक.
मग सुरू.’

वाचताना तो मध्ये खोकला, पाणी प्यायला. काकांनी यंत्र थांबवलं नाही. शेवटी बाहेर काकांच्या खोलीत येऊन त्यानं खोक्यावर स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘गाणी नाहीत’. हे ताईसाठी, म्हणाला. तिला कधी देऊ, असं काकांनी विचारलं. घाई नाही, म्हणाला, मीच येऊन घेऊन जाईन.

पाच आठवड्यांनी स्टुडिओत फोन वाजला. काचेपलीकडे त्या साबणाच्या बायका उभ्या होत्या. काका फोनवर नुसतं हो, हो म्हणत राहिले. भोंगा सकाळी दहा वाजता बसथांब्यावरच्या बाकावर बसला होता. त्याची बस आली, गेली, दुसरी आली. तिच्या कंडक्टरनं हाक मारली तेव्हा लोकांच्या लक्षात आलं. छत्तीस वर्षांचा होता. डॉक्टर म्हणाले, हृदय.

काकांनी रिसीव्हर फोनच्या शेजारी टेबलावर ठेवला आणि त्या बायकांना म्हणाले, “पुन्हा एकदा घेऊ या.” बायकांनी पुन्हा गायलं. यंत्र कुणी सुरूच केलं नव्हतं.

त्यानंतर मी बारा वर्षं कपाटात होते. काका मला विसरले होते असं नाही. दार उघडायचे, खोक्यावरचं ते अक्षर बघायचे आणि दुसरंच काहीतरी काढून दार लावायचे. ताईला द्यायला जावं, तर आधी ऐकायला हवं. आणि ऐकायची छाती होत नव्हती. शेवटी पायांनी जिने चढणं नको म्हटलं, स्टुडिओ बंद करायचं ठरलं, तेव्हा त्यांनी दोन फोन केले. एक ताईला, एक गिटारवाल्याला.

ताई आली ती तिच्या शिवणाच्या दुकानातून थेट, गळ्यात मोजायची पट्टी तशीच. गिटारवाला आता वाद्यं दुरुस्त करायचा. केस निम्मे गेलेले. त्याचा विचार पक्का होता. भोंग्याचे शब्द आहेत, मग चाल आपणच लावायची, दुसरं कोण लावणार? बारा वर्षांनी का होईना, दोघांचं एक काम पुरं होईल. ताईनंही मान डोलावली.

पण काकांनी मला हातात घेतलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. मी चिकट झाले होते. दमटपणानं माझा लेप सुटायला आला होता. तशीच वाजवली तर यंत्राला चिकटून फाटले असते. उपाय एकच, फळं वाळवायच्या यंत्रात मंद आचेवर आठ तास ठेवायचं.

“भाजायचं?” ताईनं विचारलं.

“भाजायचं नाही हो, शेकायचं,” काका म्हणाले. “मग वाजेल. एकदा नक्की. दुसऱ्यांदाची हमी नाही.”

आठ तास मी उबेत पडून होते. सकाळी काकांनी मला यंत्रावर चढवलं, कॉम्प्युटरला वायर जोडली. तिघं ओळीनं बसले. मी फिरायला लागले.

पहिल्या शब्दालाच गिटारवाल्यानं मान वर केली. हा कोण, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर होतं. दहा वर्षं शेजारी उभं राहून त्यानं हा आवाज ऐकला नव्हता. धाग्याची कविता आली तेव्हा ताईनं तोंडावर हात ठेवला आणि तो शेवटपर्यंत काढला नाही.

आणि मग एकोणचाळिसाव्या मिनिटाला वही मिटल्याचा आवाज आला, आणि भोंगा काकांना म्हणाला, “याला कुणी चाल लावायची नाही. आणि त्याला तर हात लावू देऊ नका.”

‘त्याला’ म्हणजे कुणाला, हे तिघांनाही कळलं. काका तर हे वाक्य बारा वर्षांत विसरूनच गेले होते.

एवढं सगळं मी बारा वर्षं पोटात घेऊन होते, पण ते असं कुणाच्या अंगावर पडेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. गिटारवाला खुर्ची न सरकवता उठला, खुर्ची पडली, ती न उचलता तो जिना उतरून गेला. छत्री तिथेच राहिली.

काका काय करणार? हाताला सवयीचं काम हवं म्हणून ते यंत्र पुसायला लागले. मी जिथून घासत गेले होते तिथे तपकिरी भुकटी साचली होती. कापसाच्या बोळ्यानं त्यांनी ती टिपली आणि बोळा टोपलीत टाकायला निघाले. ताईनं त्यांचं मनगट धरलं.

“हे काय आहे?”

काकांना खोटं बोलता येईना. म्हणाले, टेपवरचा लेप आहे, ज्यात आवाज असतो तोच. तिनं तो बोळा त्यांच्या हातून घेतला, रुमालात बांधला आणि पर्समध्ये ठेवला. मी तिच्याकडे बघतच राहिले. माझाच भाग होता तो, आणि मला कळलंसुद्धा नव्हतं की तो गेला.

आठवड्यानं ताई छत्री परत द्यायला गिटारवाल्याच्या दुकानात गेली. तिथलं बोलणं तिनं नंतर काकांना सांगितलं, म्हणून मला माहीत. गिटारवाला म्हणाला, विषय संपला, त्यानं नको म्हटलंय. ताई म्हणाली, “त्याचा शर्ट फाटला की म्हणायचा, ताई, हात लावू नकोस, असाच बरा दिसतो. मी शिवून खुंटीला लावायचे. सकाळी गुपचूप तोच घालून जायचा.”

“ताई, तो मेलाय,” गिटारवाला म्हणाला. “आता घालून कोण जाणार?”

ताईनं छत्री त्याच्या टेबलावर ठेवली. निघताना एवढंच म्हणाली की तुला नको असेल तर राहू दे, पण मला तुम्हा दोघांना एकदा तरी एका खोलीत ऐकायचंय.

तो स्टुडिओत आला. पहिल्या दिवशी कॉम्प्युटरवर उतरवलेल्या आवाजावर त्यानं गिटारचा नुसता धुरळा उडवला. भोंग्याचा आवाज त्याच्याखाली ऐकू येईनासा झाला. ताईनं कान झाकले नाहीत, पण म्हणाली, “तू अजून त्याच्याशी भांडतोयस.” त्यानंतर दोन महिने तो रोज यायचा आणि रोज थोडं कमी वाजवायचा. शेवटी उरलं ते असं, की भोंगा श्वास घेतो तेवढ्या जागेत दोन-तीन सूर. धाग्याच्या कवितेला त्यानं फक्त एक तार दाबून सोडली. टक.

काकांचा आग्रह होता की ते शेवटचं वाक्य कापावं. लोकांना कशाला कळायला हवं? गिटारवाला ऐकेना. “ते राहील,” म्हणाला. “त्यानं नाही म्हटलं होतं, हे लोकांना कळलं पाहिजे.” त्या वाक्याआधी त्याची गिटार थांबते आणि पुन्हा सुरू होत नाही.

एका रविवारी सकाळी छोट्या सभागृहात भोंग्याच्या चाहत्यांना ते ऐकवलं. मला मंचावर एका स्टुलावर ठेवलं होतं. बरेच जण उड्या मारायच्या तयारीनं आले होते. पहिल्या मिनिटात ते बसले. ते वाक्य आलं तेव्हा सभागृहातून कुणीतरी ओढून घेतल्यासारखा श्वास ऐकू आला, आणि नंतर टाळी वाजलीच नाही.

तिसऱ्या रांगेतली एक बाई उठली. भोंग्याच्या जुन्या कार्यक्रमाचा टीशर्ट घातलेली. “त्यानं स्पष्ट नको म्हटलं होतं. मग तुम्ही का केलंत?”

गिटारवाला माइकपाशी गेला. मला वाटलं, तो शर्टाची गोष्ट सांगेल.

“चूकही असेल,” तो म्हणाला. “पण मला त्याच्याशी बोलायचं होतं, आणि तो आता एवढंच बोलतो.”

बाई बसली नाही. उभीच राहिली. पहिल्या रांगेत ताई मान खाली घालून पर्सच्या बंदाशी चाळा करत होती.

मी आता ताईच्या दुकानात आहे, कापडाच्या गठ्ठ्यांवरच्या फळीवर. मला कुणी यंत्रावर चढवू नका, एवढी विनंती आहे. जे होतं ते सगळं कॉम्प्युटरनं नीट उतरवून घेतलंय. माझ्यावरून आता जे निघेल ती नुसती भुकटी असेल. आणि कृपा करून मला असंही विचारू नका, की तो आज असता तर हो म्हणाला असता का. त्या वाक्यानंतर माझ्यावर अजून तीन मिनिटं आहेत. मी ती अनेकदा मनात फिरवून पाहिली. त्यात खुर्ची सरकते, पावलं जातात, दार उघडतं. मग दारातच तो थांबलेला आहे, बराच वेळ, काहीतरी सांगायचं राहिल्यासारखा. आणि मग दार लागतं.