भाऊजींच्या मापाची चटई

धाकटी जाऊ मधाची बाटली उन्हात धरून दुकानदाराला विचारत होती, यात साखर घातली नाही ना, आमच्याकडे गोड कमी लागतं. मी मान खाली घातली. आमच्याकडे गोड कमी लागायचं ते एका भाऊजींना, माझ्या धाकट्या दिरांना, आणि ते गेल्या वर्षी याच बेटाच्या पलीकडच्या किनाऱ्यावर बुडाले. सापडले नाहीत.

सापडले नाहीत म्हणून धाकटीच्या लेखी ते गेलेही नव्हते. त्यांच्या धुतलेल्या शर्टांना ती अजून इस्त्री करायची. संध्याकाळी देवाजवळ मी त्यांच्या नावाने हात जोडले की उठून आत जायची. निघताना सासूबाई मला एवढंच म्हणाल्या होत्या की, तो गेला असं तिच्या तोंडून एकदा निघू दे गं, नाहीतर ही पोर उभ्या उभ्या वाळेल. म्हणून तिने भाऊजींनी बेटावर विणायला टाकलेली चटई आणायला जायचं काढलं, तेव्हा हे आणि मी दोघंही बरोबर निघालो.

बाजारभर तिची त्यांचीच खरेदी चालली होती. सुकवलेली फळं घेतली ती आंबट. वेताची टोपी आमच्या यांच्या डोक्यावर घालून पाहिली आणि म्हणाली, दादा, तुमचं डोकं मोठं, त्यांना ही सैल होईल. हे हसल्यासारखं करून शंखशिंपल्यांच्या दुकानाकडे वळले.

चटईवाली बाई गल्लीच्या टोकाला राहायची. पुढच्या खोलीत विणकाम, मागे चूल. तिची रीत अशी की, ज्याच्यासाठी चटई विणायची त्याला जमिनीवर झोपवून माप घ्यायचं. विणून झाली की गवत वाळून आखडतं, म्हणून काठ बांधायच्या आधी त्याच माणसाला परत झोपवून बघायचं. भाऊजी मापाला झोपले होते. परत जायचा दिवस त्यांना मिळाला नाही.

आम्ही उंबऱ्यात पाय ठेवला आणि बाईने आमच्या यांच्याकडे पाहून कपाळाला हात लावला.

"परवा येतो म्हणून गेलात ते वर्षाने उगवलात होय? तुमची वाट बघून चटई म्हातारी झाली की हो."

दोघा भावांचा तोंडवळा एक. मी बोलायला तोंड उघडलं, पण बाईने तोवर भिंतीला टेकवलेली चटई खाली अंथरलीसुद्धा. दोन्ही टोकांना गवताच्या काड्या मोकळ्या लोंबत होत्या. झोपा, लाजताय काय, मागे तर हसत हसत झोपला होतात, असं ती म्हणाली.

यांनी धाकटीकडे पाहिलं. तिचा चेहरा पाटीसारखा कोरा.

"झोपा, दादा," ती म्हणाली.

हे चपला काढून झोपले. टाचा चटईबाहेर चांगल्या चार बोटं गेल्या. बाई वाकून बघत राहिली. तिने डोकं वर सरकवायला लावलं, गुडघे दाबले, गवत ओढून पाहिलं. एवढं आखडत नाही, ती पुटपुटली. माझं माप असं चुकत नाही. तुम्ही वाढलात की काय या वयात?

कुणी हसलं नाही. बाई मात्र ऐकेना, पुन्हा पुन्हा वीत लावून मोजायची, स्वतःवरच चिडायची. उसवून चार बोटं वाढवून देते, उद्या या, म्हणाली आणि टोकाची काडी उसवायला तिने हात घातला.

तो हात धाकटीने धरला.

"उसवू नका. माप बरोबर आहे. हे त्यांचे भाऊ. ते बुडाले."

आमचे हे तसेच पडून राहिले. त्यांना उठावं की नाही ते कळेना. बाईने काडी सोडली. तिने हळूच विचारलं, मग या चटईचं काय करायचं?

"काठ बांधा," धाकटी म्हणाली.

बाई एका टोकाला बसली. धाकटी दुसऱ्या टोकावर गुडघे रोवून चटई ताणून धरून बसली. तिचे डोळे कोरडे होते. मी मनात देवाचं नाव घेत राहिले, मला दुसरं काही येत नव्हतं.

गवत वर्षाचं वाळलेलं, लांबीकडून गुंडाळलं तर काड्या मोडतील, असं बाईने सांगितलं. म्हणून चटई रुंदीकडून गुंडाळली. गुंडाळी भाऊजींच्या उंचीएवढीच झाली. यांनी पुढचं टोक खांद्यावर घेतलं. मागचं घ्यायला मी पुढे झाले, तर धाकटीने मला हाताने बाजूला सारलं आणि स्वतःचा खांदा लावला.

गल्लीतली माणसं भिंतीला सरकून वाट देत होती. एका म्हाताऱ्याने टोपी काढली.

मी मागून मधाची पिशवी घेऊन चालले.